हॅरॉल्ड वॅगस्टाफला फक्त त्या एका मॅचसाठी लक्षात ठेवायचं का?

गोफणगुंडा :
मंडळी, रग्बी लीगच्या सुरुवातीच्या काळातल्या खेळाडूंबद्दल बरंच वाचून काढलं आणि एका माणसापाशी येऊन अडकलोय. हॅरॉल्ड वॅगस्टाफ. जन्म १९ मे १८९१, यॉर्कशायरमधल्या होमफर्थचा. १० नोव्हेंबर १९०६ ला हडर्सफिल्डकडून पहिली मॅच खेळला तेव्हा वय १५ वर्षं १७५ दिवस. म्हणजे आपल्याकडे दहावीच्या क्लासला जातो ते वय, आणि समोर ब्रॅम्लीचे अंगापिंडाने भरलेले बाप्ये. सही करायचे पाच सोन्याचे सॉव्हरिन मिळाले होते. १७व्या वर्षी इंग्लंडकडून खेळला, २३व्या वर्षी ब्रिटिश टीमचा कॅप्टन होऊन ऑस्ट्रेलियाला गेला.

आता मुद्दा. त्याच्याबद्दल कुठेही काहीही वाचायला घ्या, दोन ओळीत गाडी ४ जुलै १९१४ च्या सिडनी टेस्टवर येते. ती मॅच आहेच तशी, नाही म्हणत नाही. एकामागून एक खेळाडू जखमी होऊन बाहेर गेले, बदली खेळाडू घ्यायची सोयच नव्हती, सेकंड हाफमध्ये एक वेळ अशी आली की १३ विरुद्ध १०, आणि तरी १४-६ ने जिंकले. पण माझं म्हणणं असं की त्या एका दुपारीमुळे बाकीची १९ वर्षं झाकली गेली. हा माणूस सेंटर (मधल्या जागेतून हल्ला चालवून बाजूच्या विंगरला बॉल देणारा) म्हणून काय खेळायचा, हडर्सफिल्डची ती टीम त्याने कशी चालवली, पहिल्या महायुद्धाच्या लढाईने त्याची कुठली वर्षं खाल्ली, हे कुणी बोलतच नाही. मला तो त्या मॅचशिवायही त्या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू वाटतो. तुमचं काय मत?

चहाबाज :
आधी एक सांगा, रग्बी आणि रग्बी लीग वेगळं असतं का? मी आजपर्यंत एकच समजत होतो.

कोकणी_हडर्सफिल्डात :
@चहाबाज, वेगळं, आणि इथे कुणासमोर एकच म्हणू नका, लोक चहाचा कप खाली ठेवून समजवायला बसतात :)

मी राहतो त्याच गावात हा खेळ जन्मला. स्टेशनमधून बाहेर पडलं की समोर चौक, चौकात हॅरॉल्ड विल्सन या पंतप्रधानांचा पुतळा आणि एका बाजूला जॉर्ज हॉटेलची ती जुनी दगडी इमारत. २९ ऑगस्ट १८९५ ला उत्तरेकडच्या क्लबांचे प्रतिनिधी तिथे जमले आणि रग्बी युनियनमधून फुटून नॉर्दर्न युनियन काढली, तिचंच पुढे रग्बी लीग झालं. कारण पैसे. म्हणजे हावरटपणा नाही, साधी रोजी. दक्षिणेतले खेळणारे बरेचसे पब्लिक स्कूलवाले (म्हणजे इथल्या महागड्या खासगी शाळा), घरचं बरं असलेले. इकडचे गिरणीत, खाणीत, गोदीत. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं, लांबच्या गावी मॅच असली की तो बुडायचा आणि त्याचे पैसे कापले जायचे. क्लब म्हणाले आम्ही बुडालेल्या वेळेची भरपाई देतो. १८९३ ला लंडनच्या मीटिंगमध्ये हा ठराव २८२ विरुद्ध १३६ ने पाडला. दोन वर्षांनी हे वेगळे झाले आणि दिवसाला सहा शिलिंग भरपाई ठरली.

नियम नंतर हळूहळू बदलले. १८९७ ला लाइनआउट (बॉल कडेबाहेर गेला की दोन रांगांमध्ये परत आत फेकायची पद्धत) गेला. १९०६ ला १५ चे १३ खेळाडू झाले आणि टॅकल झालेल्याने (समोरच्याने धरून पाडलेल्याने) उठून बॉल पायाने मागे ढकलायचा ही पद्धत आली. म्हणजे वॅगस्टाफ ज्या सीझनला आला तोच १३ जणांच्या खेळाचा पहिला सीझन. मैदान तेवढंच, माणसं चार कमी. पळायला आणि पास फिरवायला मोकळी जागा. हा मुलगा त्या मोकळ्या जागेतच मोठा झाला.

चहाबाज :
वा, हे मस्त समजलं. धन्यवाद.

लालबागचा_नातू :
सहा शिलिंगचं वाचून एकदम आजोबा आठवले. गिरणगावात कबड्डी खेळायचे, चांगले रेडर होते म्हणतात. मिलचं नाव सांगत नाही पण बदली कामगार होते. मॅचसाठी लांब जायचं म्हणजे खाडा, खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही, आणि दोनचार खाडे झाले की मुकादमाचं तोंड बघायचं. आजी म्हणायची तुमचा कप घरात आला की डब्यातलं पीठ कमी होतं. त्यामुळे खेळ हा पैशासाठी नसावा वगैरे कुणी बोललं की मला राग येतो, ज्याच्या घरी पीठ आहे त्याने ते बोलावं. हडर्सफिल्ड काय आणि लालबाग काय, कापडाच्या गिरण्या आणि भोंगा हेच दोन्हीकडे.

खडूसकाका :
नातू, तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे. पण दुसरी बाजू पण बघा. पैसा आला की श्रीमंत क्लब खेळाडू उचलतो आणि बाकीचे रिकामे होतात. हडर्सफिल्डची ती टीम तरी कुठे गावातली होती? रोझेनफेल्ड सिडनीचा, रिग्ली न्यूझीलंडचा, ग्रोनो वेल्सचा, क्लार्क कंबरलंडचा. जगभरातून गोळा केलेले. मग एक होमफर्थचा पोरगा पुढे करून गावाचा अभिमान कसला?

कोकणी_हडर्सफिल्डात :
काका, मी स्वतः देवगडचा, इथे येऊन राहिलोय आणि शनिवारी याच टीमसाठी घसा बसवतो. अभिमानाला जन्मदाखला लागत नाही हो. आणि रोझेनफेल्डचं ऐका, तो १९०८-०९ च्या पहिल्या कांगारू (म्हणजे ऑस्ट्रेलियन टीमच्या) दौऱ्यावर आला, हडर्सफिल्डची एक मुलगी आवडली, परत येऊन इथेच लग्न केलं, इथेच राहिला आणि १९७० मध्ये गेला. त्याला बाहेरचा म्हणणारा इथे कुणी भेटणार नाही.

आकडेमोड :
रोझेनफेल्डचं नाव निघालंच आहे तर घ्या, १९११-१२ मध्ये ७८ ट्राय (ट्राय म्हणजे समोरच्यांच्या लाइनपलीकडे बॉल जमिनीला टेकवणं), १९१३-१४ मध्ये ८०. एका सीझनला ८० ट्राय हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. उंचीने छोटा, पाच फूट पाचच्या आसपास, पण सुटला की सुटला.

आणि टीमचे आकडे : १९१४-१५ मध्ये चारही कप. यॉर्कशायर कप फायनल हलविरुद्ध ३१-०. चॅम्पियनशिप फायनल लीड्सविरुद्ध ३५-२. चॅलेंज कप फायनल सेंट हेलेन्सविरुद्ध ३७-३. आणि यॉर्कशायर लीग. तीन फायनल मिळून १०३ विरुद्ध ५. चारही कप एका सीझनला जिंकणारे इतिहासात तीनच क्लब, १९०७-०८ चा हन्सलेट, हा हडर्सफिल्ड आणि १९२७-२८ चा स्विंटन.

गोफणगुंडा, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडून +१. फक्त हा सीझन घेतला तरी कॅप्टन म्हणून त्याचं नाव लागतं.

सिडनीकर_मीनल :
थांबा थांबा, त्या काळातला सगळ्यात मोठा म्हणताय आणि डॅली मेसेंजरचं नाव नाही? सिडनीत बसून हे वाचवत नाही.

मेसेंजर १८८३ चा, बालमेनचा. वडलांचा होड्यांचा धंदा, स्वतः वडील नावाजलेले वल्हेपटू. १९०७ ला तो रग्बी युनियनमधला सगळ्यात लोकप्रिय माणूस, लोक त्याला बघायला तिकीट काढायचे. त्याच वर्षी ॲलेक्स बर्डन नावाचा खेळाडू जखमी झाला, कामावर जाता येईना, युनियनने भरपाई दिली नाही आणि खेळाडूंमध्ये धुसफुस सुरू झाली. आता आपल्या क्रिकेटवाल्यांनी कान टवकारा, हे सगळं जमवणाऱ्यांत व्हिक्टर ट्रंपर होता! तोच ट्रंपर, बॅट्समन. त्याच्या स्पोर्ट्सच्या दुकानात हे लोक जमायचे. ८ ऑगस्ट १९०७ ला न्यू साउथ वेल्स रग्बी लीग निघाली, ट्रंपर खजिनदार. पण मेसेंजर आला नाही तर लोक येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून ट्रंपर आणि लीग काढणाऱ्यांतला गिल्टिनन त्याच्या घरी गेले आणि असं सांगतात की शेवटचा शब्द त्याच्या आईचा होता. आई हो म्हणाली, मुलगा आला. युनियनने त्याला कायमचं बाहेर काढलं, त्याच्या नावाच्या नोंदीसुद्धा पुसल्या, त्या परत लिहायला १०० वर्षं लागली.

तो आला म्हणून इथे हा खेळ रुजला. वॅगस्टाफच्या वेळी खेळ उभा होता, मेसेंजरने तो उभा केला. इथे अजूनही वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला डॅली एम मेडल देतात.

खडूसकाका :
मीनलताई, आईला विचारून पक्षांतर, हे फार आवडलं.

गोफणगुंडा :
मीनल, मेसेंजरबद्दल दुमत नाहीच, तो नसता तर ऑस्ट्रेलियात हे झालंच नसतं. पण माझा प्रश्न खेळ कुणी आणला हा नाहीये, खेळला कसा हा आहे. मेसेंजर एकट्याच्या जिवावर मॅच फिरवायचा, त्याची लांबून मारलेली किक, त्याचं अचानक काहीतरी करणं, हे सगळं त्याचं त्याचं. वॅगस्टाफचं वेगळं. त्याच्या टीममध्ये प्रत्येक हालचाल आधी ठरलेली असायची, कोण कुठे पळणार, कोण नुसता हूल देणार, बॉल कुणाच्या हातात संपणार. त्या वेळी काही लोकांनी तक्रारसुद्धा केली होती की ही आडवणूक आहे. आज टीव्हीवर लीग बघितली की सगळ्या टीम हेच करताना दिसतात.

रानमोगरा :
वाचतेय. खेळातलं ओ की ठो कळत नाही पण धागा सोडवत नाहीये.

भटक्या_इतिहास :
एक गोष्ट खटकते ती बोलतो. त्या १९१४ च्या मॅचला ‘रोर्क्स ड्रिफ्ट टेस्ट’ म्हणतात. मूळ रोर्क्स ड्रिफ्ट म्हणजे जानेवारी १८७९, दक्षिण आफ्रिका, दीडशेच्या आसपास ब्रिटिश सैनिक भिंतीआड बंदुका घेऊन आणि समोर हजारो झुलू, बहुतेकांच्या हातात भाले आणि ढाली. झुलूंची शेकडो माणसं पडली. त्यांच्या मुलखावर केलेल्या स्वारीतल्या लढाईचं नाव एका खेळाच्या मॅचला अभिमानाने लावायचं आणि आपण भारतीयांनीही ते जसंच्या तसं उचलायचं हे मला पटत नाही.

आकडेमोड :
भटक्या, नाव वर्तमानपत्रांच्या हेडलाइनमधून चिकटलं, खेळाडूंनी ठेवलेलं नाही. पण सगळीकडे त्याच नावाने नोंद आहे, शोधायचं म्हटलं तर तेच टाकावं लागतं.

गोफणगुंडा :
भटक्याशी सहमत, म्हणूनच धागा काढताना मी ते नाव मुद्दाम लिहिलं नव्हतं. सिडनीची तिसरी टेस्ट म्हटलं की भागतं.

चहाबाज :
अहो पण त्या मॅचमध्ये नक्की झालं काय ते कुणी सविस्तर सांगा ना, सगळे बाजूने चाललेत.

आकडेमोड :
सांगतो. तिसरी टेस्ट आधी ऑगस्टमध्ये मेलबर्नला ठरली होती. ऑस्ट्रेलियन बोर्डाने ती मध्येच पुढे ओढून सिडनीला घेतली. पहिली टेस्ट २७ जून, दुसरी २९ जून, तिसरी ४ जुलै. आठ दिवसात तीन टेस्ट! पहिली ब्रिटनने २३-५ ने घेतली, दुसरी ऑस्ट्रेलियाने १२-७ ने. (मधल्या दिवशी, २८ जूनला, साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या राजपुत्राचा खून झाला, ज्यावरून पहिलं महायुद्ध पेटलं. मैदानावरच्या कुणालाही अंदाज नसणार की आपल्यावर काय येणार आहे.) ब्रिटिशांकडे धड उभे राहतील असे खेळाडूच कमी उरले होते. मॅनेजर क्लिफर्ड यांनी विरोध केला, पण इंग्लंडहून तारेने उत्तर आलं की खेळा, तुमच्याकडून कर्तव्याची अपेक्षा आहे.

मॅच सुरू झाली आणि थोड्याच वेळात विंगर (कडेला खेळणारा) फ्रँक विल्यम्सचा पाय दुखावला. फॉरवर्ड (पुढच्या फळीतला) डग क्लार्कचा अंगठा मोडला, तो बांधून परत आला. हाफटाइमला ब्रिटन ९-० पुढे. नंतर क्लार्कची कॉलरबोन मोडली. तरी परत यायचा प्रयत्न केला, जमेना, शेवटी रडत बाहेर गेला. मग बिली हॉल डोक्याला मार लागून बेशुद्ध. उरले दहा. आणि या दहा जणांनी बचाव करता करता अजून एक ट्राय मारला. वॅगस्टाफने फट काढली, बॉल चिक जॉन्सनला दिला, जॉन्सन मुळात फॉरवर्ड, विल्यम्स नाही म्हणून विंगला उभा केलेला. त्याने बॉल जमिनीवर टाकला आणि फुटबॉलसारखा पायाने ढकलत ढकलत नेला आणि लाइनपलीकडे जाऊन त्यावर पडला! १४-०. शेवटी शेवटी हॉल शुद्धीवर येऊन परत उतरला, ऑस्ट्रेलियाने दोन ट्राय मारले, १४-६ ला मॅच संपली.

हिशेब बघा, तेव्हा ट्राय तीन गुणांचा आणि गोल (खांबांमधून मारलेली किक) दोनचा. दोन्हीकडे ट्राय दोनच. फरक पडला तो अल्फ वुडच्या चार गोलांचा. त्याचं नाव कुणी घेत नाही.

खडूसकाका :
हेच तर मी कधीपासून म्हणतोय. जॉन्सनचा ट्राय, वुडचे गोल, क्लार्कची हाडं आणि नाव कॅप्टनचं. कॅप्टन लोकांना हे नेहमी फुकटात मिळतं.

ट्रायवाली_ताई :
काका, मी रग्बी खेळलेय, आधी कोल्हापुरात मग मुंबईत, त्यामुळे यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

दहा जणांचा बचाव म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा. मैदानाची रुंदी साधारण ६८ मीटर. एक फुलबॅक मागे ठेवला तर लाइनीत उरतात नऊ, प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मीटर. तेवढ्यात समोरून नव्वद किलोचा माणूस पूर्ण वेगात येतोय आणि त्याच्या बाजूला अजून एक मोकळा. आणि एक गोष्ट विसरू नका, आज लीगमध्ये सहा टॅकल झाले की बॉल द्यावा लागतो, तेव्हा ही मर्यादाच नव्हती. बॉल हातातून सुटेपर्यंत समोरचे तो ठेवूच शकत होते. म्हणजे तुम्ही टॅकल करायचा, उठायचं, परत जागेवर पळायचं, परत टॅकल, याला शेवट नाही. दहा मिनिटांत मांड्या दगड होतात, हात वर उचलत नाही, आणि तेव्हाच माणूस नकळत एक पाऊल आत सरकतो, शेजाऱ्याजवळ, कारण एकटं उभं राहायची भीती वाटते. तो एक पाऊल आत सरकला की बाहेर दार उघडलं. त्याला ओरडून बाहेर ढकलणारा, तू नाही गेलास तर मी जातो म्हणून स्वतः तिकडे पडणारा जो असतो तो कॅप्टन. वॅगस्टाफ स्वतः सेंटरला होता, सगळ्यात जास्त भगदाडं तिथेच पडतात. त्याने त्या दिवशी केलेले टॅकल हीच त्या मॅचची खरी गोष्ट असं तेव्हा बघणाऱ्यांनी लिहून ठेवलंय. फुकटात काही मिळालं नाही त्याला.

लालबागचा_नातू :
ताई कडक!! अंगावर काटा आला.

रानमोगरा :
ताईंनी कोल्हापुरातल्या मुलींच्या रग्बीवर लिहावं अशी माझी मागणी. तिथे आधी कुस्ती, मग हे कसं आलं?

ट्रायवाली_ताई :
@रानमोगरा, लिहीन नक्की. थोडक्यात सांगायचं तर तालमीत वाढलेल्या घरातल्या मुलींना कुणी अंगावर येतंय याची भीती नसते, निम्मं काम तिथेच होतं. पण ते वेगळं, इथे नको.

खडूसकाका :
ताई, तुमचं म्हणणं मान्य. पण मग क्लार्कला पण तेवढंच मोठं म्हणा.

कोकणी_हडर्सफिल्डात :
क्लार्कला म्हणूच म्हणू. मूळचा मेरीपोर्टचा, कोळशाचा धंदा. लढाईवर गेला, १९१७ ला बेल्जियममधल्या पॅशनडेलच्या लढाईच्या वेळी जखमी झाला, विषारी वायू लागला, मिलिटरी मेडल मिळालं. घरी पाठवताना डॉक्टरांनी ९५ टक्के अपंग म्हणून कागद दिला. हा माणूस त्यानंतर परत रग्बी खेळला आणि १९२० ला परत ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला! नंतर कुस्त्या केल्या त्या वेगळ्याच.

गोफणगुंडा :
लढाईचा विषय आलाच आहे तर मूळ मुद्द्यावर येतो. ब्रिटिश टीमने न्यूझीलंडमधली टेस्ट १ ऑगस्ट १९१४ ला खेळली आणि तीन दिवसांनी इंग्लंड युद्धात उतरलं. १९१४-१५ चा सीझन कसाबसा पूर्ण केला आणि मग १९१९ पर्यंत अधिकृत स्पर्धा बंद. वॅगस्टाफ २४ वर्षांचा, चारही कप नुकतेच जिंकलेले, टीम पूर्ण बहरात. २४ ते २७. कुठल्याही सेंटरची हीच वर्षं असतात. त्याच दौऱ्यावरचे लॉंगस्टाफ, जार्मन आणि रोमन हे तिघे लढाईत मारले गेले. लॉंगस्टाफ तर हडर्सफिल्डचाच, रोज सोबत खेळणारा.

वॅगस्टाफ आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, लंडनजवळ ग्रोव्ह पार्कला होता. आणि तिथे काय झालं बघा. लीगवाल्यांशी खेळायचं नाही ही युनियनची बंदी लष्करातल्या लोकांपुरती उठली होती. वॅगस्टाफ, क्लार्क, ग्रोनो, रोझेनफेल्ड हे तिथल्या युनियनच्या टीममध्ये, १५ जणांचा खेळ, त्यांचे नियम. १९१६-१७ ला २६ पैकी २५ मॅच जिंकले. पैशासाठी खेळणारे म्हणून ज्यांच्याकडे नाक मुरडलं त्यांनी समोरच्यांच्या अंगणात जाऊन हे केलं. मला यात त्या सिडनीच्या मॅचपेक्षा जास्त मोठेपणा दिसतो, खरं सांगतो.

सिडनीकर_मीनल :
हे ग्रोव्ह पार्कचं माझ्या वाचनात कधीच आलं नव्हतं. ग्रोनो म्हणजे तोच ना, १९१० ला ट्विकनहॅमवरची पहिली इंटरनॅशनल वेल्सकडून खेळला होता?

आकडेमोड :
तोच. त्या मॅचची पहिली किक ग्रोनोचीच. इंग्लिश युनियनच्या त्या मोठ्या मैदानावर इंटरनॅशनल रग्बीचा पहिला बॉल मारणारा माणूस त्याच वर्षी लीगमध्ये गेला.

भटक्या_इतिहास :
लढाई संपल्यावर ती बंदी परत लागली का?

आकडेमोड :
लागली. आणि युनियनने खेळाडूंना पैसे द्यायला अधिकृत परवानगी दिली ती थेट ऑगस्ट १९९५ मध्ये. १८९५ च्या ऑगस्टमध्ये हे लोक ज्या सहा शिलिंगसाठी वेगळे झाले त्याला बरोबर १०० वर्षं.

लालबागचा_नातू :
१०० वर्षं!! आणि तोवर कितीजणांची पिढी न पिढी गेली. तिकडे लपूनछपून पाकिटं चालायचीच असं पण ऐकलंय.

खडूसकाका :
नातू, हे वाचल्यावर माझं मत जरा हललंय एवढं कबूल. सहा शिलिंग देऊन टाकले असते तर खेळ एक राहिला असता. पण मग १३ जणांचा खेळही झाला नसता आणि हा वॅगस्टाफही असा घडला नसता, त्याचं काय?

कोकणी_हडर्सफिल्डात :
१९१९-२० चं कुणी बोललं नाही अजून. लढाईनंतरचा पहिला पूर्ण सीझन, टीममधले काही गेलेले, बाकीचे तिशीकडे झुकलेले. तरी यॉर्कशायर कप जिंकला, यॉर्कशायर लीग जिंकली, चॅलेंज कप जिंकला. राहिली फक्त चॅम्पियनशिप फायनल, हलविरुद्ध. आणि त्या फायनलला वॅगस्टाफ, क्लार्क, ग्रोनो, रॉजर्स, थॉमस हे पाच जण नाहीत, कारण ब्रिटिश टीमबरोबर ऑस्ट्रेलियाला जायला निघाले होते. कितीने हरले? ३-२. एका ट्रायने. बिली बॅटनने मारला. ती बोट आठवडाभर उशिरा सुटली असती तर पुन्हा चारही कप, तेही लढाईच्या दोन्ही बाजूंना. इथल्या म्हाताऱ्या लोकांच्या घरात ही चुटपुट अजून वारशाने चालत आलीय, त्यांनी ती मॅच बघितलेली नाही, त्यांच्या बापाने कदाचित बघितली असेल, तरी बोलताना आवाज चढतो.

चहाबाज :
मग १९२० च्या दौऱ्यावर जिंकले का तरी?

आकडेमोड :
नाही, ऑस्ट्रेलियाने ती सिरीज २-१ ने घेतली. १९२१-२२ ला घरच्या मैदानांवर ॲशेस (लीगमध्येही या दोन देशांच्या सिरीजला हेच नाव) परत आणल्या, तिसऱ्या टेस्टला ६-० ने. वॅगस्टाफ १९२५ पर्यंत खेळला. हडर्सफिल्डकडून ४३६ मॅच, १७५ ट्राय. सेंटरसाठी हे ट्राय बरेच आहेत, पण बाजूच्या विंगरांचे आकडे बघितले की कळतं की बॉल शेवटी कुणाच्या हातात द्यायचा हे ठरलेलं होतं. स्टॅन मूरहाउसने १९१३ च्या चॅलेंज कप फायनलला वॉरिंग्टनविरुद्ध टीमचे तिन्ही ट्राय मारले, ९-५.

रानमोगरा :
खेळणं सुटल्यावर काय केलं त्याने?

कोकणी_हडर्सफिल्डात :
पब चालवला, आधी हॅलिफॅक्सला मग इथे वेस्टगेटवर. त्या काळच्या बहुतेक मोठ्या खेळाडूंचं हेच, गिऱ्हाईक त्यांना बघायलाच यायचं. १९३९ च्या जुलैमध्ये गेला, वय फक्त ४८. १९८८ ला रग्बी लीगचा हॉल ऑफ फेम काढला तेव्हा पहिल्या यादीतच त्याचं नाव होतं. ज्या फार्टाउन मैदानावर तो खेळला तिथे टीम १९९२ पर्यंत खेळायची, आता नवीन स्टेडियम आहे. पण मॅच बघताना जुने लोक अजून क्लबचं नाव घेत नाहीत, “कम ऑन फार्टाउन” असंच ओरडतात.

ट्रायवाली_ताई :
गोफणगुंडा, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर देते, खेळणारी म्हणून.

सेंटरचं काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा फार वेगळं आहे. लोकांना वाटतं पळायचं आणि पास द्यायचा. पास द्यायच्या आधी समोरच्या बचावपटूला स्वतःच्या अंगावर ओढून घ्यावं लागतं. बॉल दोन हातात छातीसमोर, खांदे सरळ, त्याच्याकडेच बघत पळायचं, म्हणजे त्याला वाटलं पाहिजे की हा स्वतःच घुसणार. त्याने वजन पुढच्या पायावर टाकलं की तो आता वळू शकत नाही. तो क्षण पकडून बॉल विंगरकडे सोडायचा, आणि मग तो आदळणारच तुमच्यावर, बॉल गेला तरी. म्हणजे विंगरचा ट्राय आणि सेंटरच्या बरगड्या. लवकर सोडला तर बचावपटू सरकून विंगरला गाठतो, उशिरा सोडला तर बॉल हातातच राहतो. हे १५व्या वर्षी मोठ्यांच्या मॅचमध्ये उतरून शिकलेला आणि ३०च्या पुढेही तसंच करत राहिलेला माणूस त्या एका मॅचसाठी लक्षात ठेवायचा? मला सिडनीची मॅच काढून टाकली तरी चालेल. पण मीनल, मेसेंजर पहिला नंबर की वॅगस्टाफ, यात मी पडणार नाही, दोघांचं काम वेगळं होतं.

सिडनीकर_मीनल :
ताई, सेंटरच्या बरगड्यांवर मी निरुत्तर. तरी मेसेंजरही सेंटरच होता हे इथे नोंदवून ठेवते :)

गोफणगुंडा :
ताई, हेच शब्दात मांडता येत नव्हतं मला. आकडेमोड, तुम्ही अल्फ वुडबद्दल लिहिलंत ते पण पटलं, चार गोल कुणीच मोजत नाही.

लालबागचा_नातू :
डग क्लार्कवर कुणीतरी स्वतंत्र धागा काढा राव, ९५ टक्के अपंग आणि परत ऑस्ट्रेलिया, हे इथे प्रतिसादात संपवण्यासारखं नाही. कोकणी, तुम्हीच लिहा, तुम्ही जवळ आहात.

कोकणी_हडर्सफिल्डात :
लिहितो. क्लार्क डायऱ्या लिहायचा, त्यातलं काय काय वाचायला मिळतंय ते आधी शोधतो आणि रविवारी बसतो.